पाठीवरची पखाल

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात साहित्य, संगीत आणि नाट्य यांवर व्याख्याने व्हावीत, हे उचितच आहे. त्यांच्या पंक्तीला मी पाण्याच्या पिशवीवर बोलावयास उभा राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. पण आज आपल्या घराघरांतील तरुण-तरुणी, आणि निवृत्तीला टेकलेली मंडळीही, पहाटे धावावयास बाहेर पडतात. काहींची मजल ४२ किलोमीटरांच्या मॅरेथॉनपलीकडे, लडाखमधील खारदुंग ला खिंडीवरून जाणाऱ्या ७२ किलोमीटरांच्या शर्यतीपर्यंत जाते. त्यांच्या पाठीवरील पिशवीविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांनाही थोडे ठाऊक असावे.

वस्तू नवी असली तरी कल्पना जुनी आहे. चामड्याची पखाल पाहिलेली माणसे या सभागृहात असतील. तिचा आधुनिक अवतार १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जन्मला. टेक्सासमधील १०० मैलांच्या उन्हाळी सायकल शर्यतीत, रुग्णवाहिकेवर काम केलेल्या मायकेल आयडसन यांनी सलाइनची पिशवी पाण्याने भरली, लांब पायमोज्यात घालून पाठीवर बांधली आणि तिची नळी तोंडापर्यंत आणली. आजची पिशवी मऊ प्लास्टिकची, साधारण दीड-दोन लिटरांची असते. नळीच्या टोकास दातांनी दाबताच उघडणारी तोटी असते.

ही पिशवी वापरण्यातही थोडी कला आहे. भरल्यावर ती उलटी धरून नळीवाटे आतील हवा शोषून काढावी, म्हणजे धावताना पाणी डचमळत नाही. प्रत्येक घोटानंतर नळीत हलकेच फुंकावे, म्हणजे नळीतले पाणी पिशवीत परतते. उन्हात पुढचा घोट गरम लागत नाही आणि लडाखच्या थंडीत नळी गोठत नाही. पिशवीत साधे पाणीच भरावे. साखर-मिठाचे पेय पुढच्या खिशातील लहान बाटलीत ठेवावे.

पाणी जवळ आहे म्हणून सतत पीत राहणे मात्र घातक ठरू शकते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेले आढळले. अतिरिक्त पाणी हे त्याचे प्रमुख कारण होते. अशा वेळी डोके दुखते, ओकाऱ्या होतात, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. भोवतालचे लोक तहानच समजून आणखी पाणी पाजतात, आणि ते जिवावर बेतू शकते. तहान लागेल तसे प्यावे. आणि कोणी असे बरळू लागला, तर पाणी न पाजता त्याला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.

आता स्वच्छतेविषयी. माझ्या भाच्याचे पोट लांब धावण्यानंतर वारंवार बिघडू लागले. औषधे झाली, पथ्य झाले. एके दिवशी मी त्याची पिशवी उजेडात धरली. नळीच्या आत काळे ठिपके होते आणि पिशवीच्या तळाशी बुळबुळीत थर साचला होता. ‘मामा, तिच्यात तर नुसते पाणीच असते!’ तो म्हणाला. त्यापूर्वी दोन महिने तो तिच्यात साखरेचे सरबत नेत असे, हे तो विसरला होता. पोट बिघडण्यास इतर कारणेही असू शकतात. पण पिशवी आणि नळी बदलल्यावर त्याची तक्रार थांबली, एवढे खरे. दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे उलटेच झाले होते; दुखणे पखालीचे आणि औषध घेत होता भाचा!

म्हणून घरी येताच, अंघोळीपूर्वी, पिशवी रिकामी करावी. कोमट पाणी आणि भांडी घासण्याचा सौम्य साबण यांनी ती धुवावी. उकळत्या पाण्याने प्लास्टिक बिघडू शकते. नळी लांब, बारीक ब्रशाने आतून घासावी आणि तोटी काढून वेगळी धुवावी. वास राहिला असेल तर लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा विरघळवून ते अर्धा तास पिशवीत ठेवावे. त्यात लिंबू पिळू नये. दोघे एकमेकांचा गुण मारतात आणि बंद पिशवी वायूने फुगते. शेवटी स्वच्छ पाण्याने अनेकदा खळबळावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाळवणे. चेन्नई, कोलकाता यांसारख्या दमट शहरांत मिटलेली पिशवी आतून वाळतच नाही. तिच्यात लाकडी पळी उभी घालून तोंड उघडे ठेवावे आणि उलटी टांगावी. तेवढा वेळ नसेल तर धुतलेली पिशवी बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. थंडीत बुरशी वाढत नाही. काळी पडलेली नळी मात्र निःसंकोच टाकून द्यावी.

मित्रहो, परप्रांतात येताना आपल्या वडिलांनी गावची विहीर मागे ठेवली. तिचा गाळ उपसण्याची जबाबदारी साऱ्या गावाची असे. ही पाठीवरची विहीर ज्याची त्याची एकट्याची आहे. आपली मुले पहाटे परत येतील, तेव्हा ‘किती धावलास?’ या प्रश्नाबरोबरच ‘पिशवी धुतलीस का?’ असेही विचारावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.