जर्नलमध्ये न लिहिलेलं



माझ्याआधी परिषदेच्या अध्यक्षपदाच्या या खुर्चीत कोण कोण बसून गेलं त्याची यादी निमंत्रणपत्रिकेत आहे. ती वाचल्यावर माणसानं खरं तर गप्प बसावं, पण भाषण हे अध्यक्षाच्या कामातच मोडतं. प्रथेप्रमाणे अध्यक्षानं वर्षभरातल्या विज्ञानाचा आढावा घ्यायचा असतो. मी तो लिहिला आहे. छापील प्रतीत तो सापडेल. ज्यांना रात्री झोप येणार नाही त्यांनी जरूर वाचावा.

मला आज दुसरंच बोलायचं आहे. नोकरीत होतो तेव्हा हे बोलायची सोय नव्हती, आणि निवृत्तीनंतर कुणी विचारलं नाही. आज माईक माझ्या हातात आहे.

काल दुपारच्या परिसंवादात ‘शोध अपघातानं लागतात की प्रयत्नानं?’ यावर दोन तट पडले. एका बाजूनं फ्लेमिंगची ती उघडी खिडकी आली, जिच्यातून म्हणे पेनिसिलिनची बुरशी आत शिरली; दुसऱ्या बाजूनं एडिसनचा घाम आला. ‘संधी तयार मनाचीच बाजू घेते’ हे पाश्चरचं सुप्रसिद्ध वाक्य तर दोन्ही बाजूंनी वापरलं. शेवटी परिसंवादाच्या अध्यक्षांनी ‘दोन्हींचा संगम’ असा निकाल दिला आणि चहा झाला. माझं सगळं आयुष्य बुरशीत गेलं. प्रतिजैविकं बनवणाऱ्या कारखान्यात आंबवणीच्या टाक्यांपाशी मी उभा राहिलो, म्हणून त्या खिडकीपासूनच सुरुवात करतो.

ती खिडकी बहुधा बंदच होती. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये फ्लेमिंगच्या खोलीखाली ला टूश नावाचा बुरशीतज्ज्ञ काम करत होता. बीजाणू त्याच्याकडून जिन्यानं वर आले असावेत, असं जाणकार मानतात. पण खरी गंमत पुढे आहे. जंतू वाढून बसल्यावर त्यांच्या बशीत पेनिसिलियम ही बुरशी टाकली तर काहीही दिसत नाही, कारण पेनिसिलिन वाढत्या जंतूंना मारतं. म्हणजे आधी बुरशी वाढायला हवी आणि मग जंतू. त्याच हॉस्पिटलात काम केलेल्या रोनाल्ड हेअरनं पुढे लंडनच्या हवामानाच्या नोंदी काढून पाहिल्या. 1928 च्या जुलैअखेरीस तिथं थंडावा पडला होता. बशी इनक्युबेटरमध्ये न जाता टेबलावरच राहिली, त्या गारव्यात बुरशीनं आघाडी घेतली आणि ऊब आल्यावर जंतू वाढले. ते खुलाशाचं काम चाळीसेक वर्षांनी जमलं, कारण हवेचं तापमान कुणीतरी रोज इमानानं लिहून ठेवलं होतं. त्या कारकुनाला कुणी नोबेल दिलं नाही, आणि त्याची अपेक्षाही नसावी.

सप्टेंबरच्या सुरुवातीला सुट्टीवरून परतलेल्या फ्लेमिंगला ती बशी दिसली. त्यानं ती जपून ठेवली, फोटो काढला आणि 1929 मध्ये लेख छापला. बुरशीनं बशी खराब होणं तेव्हा रोजचंच होतं, आजही आहे. जगातल्या किती प्रयोगशाळांत तशी बशी त्याआधी कचऱ्यात गेली असेल, याचा हिशेब कुणाकडे असणार? फ्लेमिंगचं वेगळेपण मला एवढंच दिसतं की खराब बशी लपवावी असं त्याला वाटलं नाही. त्याच्या टेबलावर पसारा असे आणि त्या पसाऱ्याबद्दल त्याला जाब विचारणारं कुणी नव्हतं.

प्रयत्नवाद्यांसाठी ऑक्सफर्ड आहे. तिथल्या चेन या शास्त्रज्ञानं जुने लेख चाळताना फ्लेमिंगचा लेख शोधला. त्याचा प्रमुख फ्लोरी यानं माणसं आणि पैसा जमवला. आणि नॉर्मन हीटली नावाच्या माणसानं त्या हट्टी द्रव्याला बुरशीच्या पाण्यातून बाहेर काढलं. आम्लता बदलून त्यानं पेनिसिलिन आधी ईथरमध्ये नेलं आणि तिथून पुन्हा पाण्यात आणलं. युद्धामुळे भांडी मिळेनात, तेव्हा बेडपॅनच्या घाटाची मातीची भांडी त्यानं बनवून घेतली. 25 मे 1940 ला आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले आणि त्यांतल्या चौघांना पेनिसिलिन दिलं. हीटली पहाटे पावणेचारपर्यंत तिथंच थांबला. औषध न दिलेले चारही उंदीर तोवर मेले होते. घरी आल्यावर त्याला कळलं की अंधारात घाईघाईनं आपण चड्डी उलटी घातली आहे. आणि हेही त्यानं डायरीत लिहिलं! हसू नका. आपली उलटी चड्डी लिहून ठेवणारा माणूस प्रयोगातलं काही लपवेल का? मी तरी त्याच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवीन. 1945 चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. हीटलीला ऑक्सफर्डनं मानद डॉक्टरेट दिली ती 1990 साली.

पुढची कथा अमेरिकेतल्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेची. ती मक्याच्या मुलखातली, त्यामुळे मक्यापासून स्टार्च काढताना उरणारं कॉर्न स्टीप लिकर हाताशी होतंच. ते टाकीत घातल्यावर उत्पादन कित्येक पटींनी वाढलं. जगभरातून मातीचे नमुने मागवले होते, सैन्याची विमानं ते आणत होती, आणि 1943 मध्ये सगळ्यात कामाची बुरशी सापडली ती पिओरियाच्याच बाजारातल्या सडक्या खरबुजावर. त्याचं श्रेय प्रयोगशाळेतल्या मेरी हंट यांना दिलं जातं. आता सांगा, हा अपघात की प्रयत्न? आपल्या पिंपरीचंही तेच. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी चिकाटीनं मातीचे नमुने तपासत होते. हमायसिन हे प्रतिजैविक देणारा जीव मिळाला आणि त्याच्या शास्त्रीय नावातच पिंपरी जाऊन बसली: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. काल ज्या वक्त्यांनी ‘आपल्याकडे अपघात घडत नाहीत, कारण आपण पुरेसं काम करत नाही’ असं सुनावलं, त्यांना मी आमच्या कारखान्यात आठवडाभर रात्रपाळी दिली असती.

अपघात आपल्याकडे हवे तितके घडतात. एक सांगतो.

आमच्या एका टाकीची एक बॅच इतकी भरघोस उतरली की प्रयोगशाळेनं आकडा दोनदा तपासायला लावला. बुरशी तीच, हवा तीच, साखरही तीच. लॉगशीट काढली तर एकूण एक रकाना नेमून दिलेल्या पद्धतीप्रमाणे भरलेला. आम्ही तशा बॅचेस पुन्हा घेतल्या आणि उतारा नेहमीचाच आला. पाणी तपासलं, बीजटाकी तपासली, कॉर्न स्टीप लिकरचा पिंपन् पिंप तपासला. अखेर ‘मोजणीतली चूक’ असा शेरा मारून फाइल बंद झाली.

बऱ्याच वर्षांनी त्या पाळीच्या ऑपरेटरच्या मुलीच्या लग्नाला गेलो. सगळे त्यांना मामाच म्हणत. पंगतीत वाढता वाढता मामा शेजारी टेकले आणि म्हणाले, “साहेब, आता सांगायला हरकत नाही. त्या रात्री टाकी फेसाळली होती. फेस मारायचं तेल संपलेलं, स्टोअरला कुलूप. कँटीनमधला डबा आणून ओतला, चांगला दोनदा. शीटवर नेहमीचंच तेल नेहमीच्याच मापानं लिहिलं.” मी विचारलं, “मामा, तेव्हाच का नाही सांगितलंत?” ते म्हणाले, “मेमो तुम्ही घेतला असता का?”

तेल फेसही मारतं आणि बुरशीचं खाद्यही होतं, हे पुस्तकांत होतं. जग हादरवणारा शोध आमच्या हातून निसटला असं माझं म्हणणं नाही. पण कोणतं तेल, किती, केव्हा, हे त्या शीटवर असतं तर आमच्या पुढच्या कामाची दिशा वेगळी झाली असती. अपघात घडला होता. त्याला पाहणारा डोळस माणूसही हजर होता, आणि फेस आवरायची अक्कल त्याच्याकडे होती. लिहिण्याची मुभा तेवढी नव्हती. फ्लेमिंग विभागाचा मोठा माणूस होता. रात्रपाळीच्या मामांना पसाऱ्याची चैन परवडत नाही.

ही लपवण्याची सवय कारखान्यात लागत नाही, मित्रहो. शिक्षक समोर बसले आहेत म्हणून मुद्दाम सांगतो: ती अकरावीच्या प्रयोगशाळेत लागते. साध्या लंबकाच्या प्रयोगात सगळ्या वर्गाचं गुरुत्वत्वरणाचं उत्तर 980 च्या आसपास येतं. कुणाचा दोरा लांबलेला असतो, कुणाचं घड्याळ अडकतं, तरी येतं. रीडिंग बसवायची असतात. सीनियरचं जर्नल उतरवायचं, सही घ्यायची, परीक्षकाला खूश करायचं. जो मुलगा प्रामाणिकपणे 910 लिहितो त्याला ‘पुन्हा कर’ म्हणतात. 910 का आलं, हे त्याला कोण विचारतो? पुढे याच मुलानं शोध लावावा म्हणून आपण परिसंवाद भरवतो.

आणि लिहून काय होतं, हेही मुंबईनं पाहिलेलं आहे. परळच्या प्रयोगशाळेतून गेलेली हाफकिनची प्लेगची लस 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी टोचली गेली. एकाच बाटलीतली लस घेतलेली 19 माणसं धनुर्वातानं गेली. ठपका थेट मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिनवर आला, त्याचं पद गेलं. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, या तपशिलाला वजन मिळून हाफकिनवरचा डाग धुतला जाईपर्यंत 1907 उजाडलं. आज त्याच्या नावानं संस्था आहे. ‘चिमटा पडला’ हे दोन शब्द जिथं न घाबरता लिहिता येतात, तिथं माणसंही वाचतात आणि कधीमधी शोधही लागतात. दोन्हींसाठी वही एकच लागते.

मला माहीत आहे, व्यवस्थापनातले मित्र म्हणतील की शिस्त नको का? हवी ना. टाकीत कँटीनचं तेल ओतावं असा ठराव मी मांडत नाही. ओतलं तर लिहावं आणि लिहिणाऱ्याचं वेतन कापू नये, एवढंच. ही शिस्त पाळायला अधिक कठीण आहे, कारण ती वरच्यांनी पाळायची असते.

आता ठरावांकडे. परिषदेनं ‘फसलेल्या प्रयोगांचा’ एक वार्षिक अंक काढावा, असं मी सुचवतो. नावानं छापायचं की निनावी, हे संपादक मंडळानं पाहावं. प्रयोगशाळा सहायक आणि ऑपरेटर यांच्या आठवणी कुणीतरी ध्वनिमुद्रित करायला हव्यात. तरुण सभासदांनी मनावर घ्यावं, जुनी माणसं झपाट्यानं कमी होत आहेत. प्रात्यक्षिकाचे गुण उत्तराऐवजी नोंदीला द्यावेत, असं पत्र शिक्षण मंडळाला पाठवावं. मसुदा मी देतो. पैसा कुठून आणायचा, हे कोषाध्यक्ष सांगतील. ते आत्ता माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत आहेत त्यावरून उत्तर लक्षात आलंच आहे. तरीही अंकासाठी पहिला लेख माझ्याकडे तयार आहे. मामा आता नाहीत, पण त्यांच्या मुलीनं तेलाची गोष्ट छापायला परवानगी दिली आहे. कारखान्याची परवानगी मी मागितलेली नाही.