शिडाच्या लढाऊ जहाजावरील संसार



शाळेच्या पुस्तकात विजयदुर्गची लढाई चार-दोन ओळींत उरकलेली असते. 1756 च्या फेब्रुवारीत पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला. समुद्राकडून ॲडमिरल वॉटसन आला, बरोबर क्लाइव्ह होता, जमिनीकडून पेशव्यांची फौज होती. आंग्र्यांची गुराबे आणि गलबते जळून गेली. हे सगळे खरेच. पण त्या इंग्रजी जहाजांच्या पोटात जी शेकडो माणसे राहत होती ती काय खात होती, कुठे निजत होती, याची विचारपूस कोणी करत नाही. आज आपण ती करू.

वॉटसनच्या ताफ्यात 'सॉल्सबरी' नावाचे पन्नास तोफांचे जहाज होते. त्यावर साधारण साडेतीनशे माणसे. आता एवढी माणसे निजत कुठे? तोफांच्याच मजल्यावर, छताच्या तुळयांना टांगलेल्या कापडी झोळ्यांत. एका झोळीला नेमून दिलेली रुंदी होती 14 इंच. शिक्षक बंधूंनी वर्गाच्या फरशीवर खडूने 14 इंचांचा पट्टा आखावा आणि एखाद्या थोराड मुलाला त्यात उताणा झोपवून पाहावे. खांदे बाहेर येतील. निम्मे लोक पहाऱ्यावर असत, म्हणून शेजारची झोळी रिकामी मिळे आणि रात्र निभावे. पाळी चार-चार तासांची. वाळूचे घड्याळ दर अर्ध्या तासाला उलटायचे आणि घंटा मारायची. आपली घटका चोवीस मिनिटांची, त्यांची तीस मिनिटांची, एवढाच काय तो फरक.

जहाज ओक नावाच्या झाडाच्या लाकडाचे. सागाची गोष्ट वेगळी, ती तळोद्याच्या माणसाला मी काय सांगणार! खानदेशच्या जुन्या गॅझेटियरात तुमच्या इमारती लाकडाच्या बाजाराची आणि इथे बनणाऱ्या बैलगाड्यांची नोंद आहे. सागाच्या अंगच्या तेलाने खिळ्याचे लोखंड टिकते, ओकच्या तुरट रसाने ते झिजते. इंग्रजांनी हे पुढे ओळखले आणि मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या पारशी कारागिरांकडून मलबारी सागाची लढाऊ जहाजे बांधून घेतली. 1817 साली तिथे बांधलेले 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. असो.

आता जेवणाकडे वळू, कारण खरे दुखणे तिथे होते. माणशी रोजचा शिधा म्हणजे एक पौंड कडक बिस्किटे आणि पिंपातली बिअर. आठवड्यातून चार दिवस खारवलेले मांस, दोन दिवस गाईबैलाचे आणि दोन दिवस डुकराचे. शिवाय वाटाणे, ओटची भरड, थोडे लोणी, थोडे चीज. बिस्किटांत टोके पडत. ती टेबलावर आपटून झाडून खायची. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे बिनमांसाचे दिवस. त्यांना खलाशी काय म्हणत, ठाऊक आहे? 'बनियन डे'! सुरतेच्या वाण्यांना मांस वर्ज्य असते हे इंग्रजांनी पाहिले होते, त्यावरून हे नाव पडले. आपली तापी जिथे समुद्राला मिळते त्या मुलखातला आचार असा जहाजावर थट्टेचा शब्द होऊन बसला.

दारूचीही सोय सरकारी होती. लांबच्या मोहिमेवर बिअर टिकत नसे, तेव्हा रम मिळे. आपल्याकडच्या समुद्रात तिच्या जागी अरक. खलाशी झिंगून डोलकाठीवरून पडू लागले, म्हणून 1740 साली ॲडमिरल व्हर्नन याने रममध्ये पाणी मिसळायचा हुकूम काढला. हाच तो 'ग्रॉग'. इंग्रजी आरमारातला रमचा रोजचा वाटा 1970 साली बंद झाला, म्हणजे तो केवढा मुरला होता पाहा.

यातले बरेच खलाशी खुशीने आलेले नव्हते. बंदरातून, व्यापारी जहाजांवरून त्यांना सरळ वेठीला धरून आणत. चुकले की सर्वांदेखत उघड्या पाठीवर नऊ दोऱ्यांचा चाबूक. विजयदुर्गात इंग्रजांना सुमारे दहा लाखांची लूट मिळाली, तिची वाटणी मात्र हुद्द्याप्रमाणे झाली. साध्या खलाशाच्या हाती काय पडले असेल त्याचा अंदाज तुम्हीच करा.

या माणसांचा मोठा वैरी होता स्कर्व्ही. ताजी फळे आणि भाजीपाला मिळाला नाही की हिरड्या सुजतात, रक्त येते, दात हलतात, जुन्या जखमा पुन्हा उकलतात, आणि माणूस जातो. 1746 साली याच 'सॉल्सबरी'च्या दहा आठवड्यांच्या फेरीत साडेतीनशेपैकी ऐंशी जणांना तो जडला. पुढच्या वर्षी, मे 1747 मध्ये, जहाजावरचे डॉक्टर जेम्स लिंड यांनी बारा रोगी निवडले, सर्वांचे जेवण एकच ठेवले आणि दोघादोघांना वेगळे औषध दिले. कोणाला सफरचंदाची आंबवलेली दारू, कोणाला व्हिनेगर, कोणाला चक्क समुद्राचे पाणी. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत फळे संपली; पण तेवढ्यात त्यातला एक कामावर जाण्याजोगा झाला आणि दुसरा बाकीच्या आजाऱ्यांची सेवा करू लागला!

मग आरमाराने लगेच लिंबे भरली असतील, असे तुम्हांला वाटेल. छे! लिंडनी 1753 साली ग्रंथ लिहिला, पण हा अनुभव त्या जाडजूड ग्रंथात हरवून गेला. त्यातून त्यांनीच लिंबाचा रस आटवून ठेवावा असा सल्ला दिला, आणि आटवताना त्यातला गुण उडून गेला. विज्ञानाच्या तासाला हे जरूर सांगा: 'क' जीवनसत्त्वाला उष्णता सोसत नाही. 'सॉल्सबरी' विजयदुर्गावर आले ते लिंबाच्या प्रयोगानंतर नऊ वर्षांनी. जहाज तेच, आणि शिधाही तोच.

त्याच 1756 साली युरोपात सात वर्षांचे युद्ध पेटले. त्या युद्धाचा इंग्रजी आरमाराचा हिशेब त्या काळीच छापला गेला. भरती झाली सुमारे 1,85,000 माणसांची. लढाईत पडले सुमारे 1,500. रोगाने मेलेले आणि बेपत्ता झालेले सुमारे 1,34,000. बेपत्तांत पळून गेलेलेही आले. तरी हे आकडे फळ्यावर एकाखाली एक मांडून पाहा. शत्रूच्या तोफेने किती मारले आणि स्वतःच्या कोठारातल्या शिध्याने किती, हे मुलांना आपोआप दिसेल. माझ्या मते या नाकर्तेपणाला अज्ञान म्हणता येणार नाही. औषध समोर होते. पण खलाशी संपला तर दुसरा वेठीला धरता येत होता.

1794 साली 'सफोक' नावाचे लढाऊ जहाज इंग्लंडहून मद्रासला निघाले. यावेळी लिंबाचा रस आणि साखर ग्रॉगमध्ये मिसळून माणशी रोज द्यायचे ठरले. म्हणजे दारू वजा केली तर आपले लिंबाचे सरबतच! तेवीस आठवडे जहाज कुठेही किनाऱ्याला लागले नाही. थोड्या जणांना स्कर्व्हीची लक्षणे दिसली, त्यांचा रस वाढवला, ते बरे झाले. मद्रासला जहाज पोचले तेव्हा या रोगाने एकही माणूस दगावलेला नव्हता. पुढच्या वर्षी, 1795 मध्ये, लिंबाचा रस आरमाराच्या शिध्यात आला. लिंडच्या प्रयोगाला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती, आणि लिंड आदल्याच वर्षी वारले होते.