क्वार्टरमधली गाणी

 

मी फौजेतून निवृत्त झालेला माणूस. सगळी नोकरी कोअर ऑफ सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनात गेली. संगीतातला मी जाणकार नाही आणि कुठल्या सॉफ्टवेअर कंपनीतही कधी नव्हतो. तेव्हा आज जे सांगणार आहे ते एका रोज गाणी ऐकणाऱ्या माणसाचं मत समजा. पटलं तर घ्या.

सध्या मुक्काम दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात, मुलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये. आयएनए मार्केट आणि दिल्ली हाट दोन्ही जवळ, त्यामुळे संध्याकाळच्या फेरफटक्याची सोय उत्तम. वस्तीला नाव झाशीच्या राणीचं. ही राणी मूळची तांबे घराण्यातली, जन्म काशीचा. म्हणजे महाराष्ट्राबाहेर जन्मलेली मराठी मुलगी. आपल्यातल्या पुष्कळांची मुलं, नातवंडं तशीच आहेत, म्हणून हे नाव मला आवडतं.

आता क्वार्टरची गंमत तुम्हाला ठाऊक आहे. जागा चांगली असते, पाणी असतं, मोक्याचं ठिकाण असतं. पण ती आपली नसते. नोकरी संपली, बदली झाली, की सोडायची. म्हणून क्वार्टरमध्ये कोणी स्वतःच्या पैशाने संगमरवर बसवत नाही. राहतो मजेत, पण महत्त्वाची कागदपत्रं, दागिने, फोटो यांची पेटी आपली स्वतःची असते. बदलीच्या दिवशी ती पहिली ट्रकवर चढते.

गाण्यांची ॲप म्हणजे हेच क्वार्टर आहे, असं माझं म्हणणं आहे. राहा, जरूर राहा. पण तुमची पेटी कुठे आहे?

थोडा इतिहास बघू. फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लिपकार्टने फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान काढलं. एकेक गाणं काही रुपयांना विकत मिळायचं. जून २०१३ मध्ये ते बंद झालं. गूगल प्ले म्युझिकची वर्गणी सेवा भारतात २०१७ मध्ये आली आणि २०२० च्या अखेरीला गेली. एअरटेलचं विंक २०१४ मध्ये आलं, २०२४ मध्ये बंद. जिओ म्युझिक २०१८ मध्ये सावनमध्ये मिसळलं. मी कुणाला दोष देत नाही. धंदा आहे, जमला नाही की माणूस दुकान आवरतो. लक्ष्मी रोडवरही दुकानं बंद होतातच.

पण फरक बघा. फ्लाइटवाल्यांनी गाणी एमपी थ्री फाइल म्हणून विकली होती, कुलूप न लावता. ज्याने त्या काळी दोनशे गाणी घेऊन स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवली, त्याची ती गाणी आजही वाजतात. दुकान दीड वर्षही टिकलं नाही, माल मात्र टिकला. उलट जिथे दरमहा पैसे भरून ऐकतो तिथे आपल्याकडे फक्त यादी असते. ‘डाउनलोड’ म्हणून जे बटण असतं त्याने गाणं फोनमध्ये येतं खरं, पण कुलपासकट येतं. वर्गणी संपली की किल्ली परत. शेजारच्या ब्लॉकमधल्या एक काकू नागपूरला निघाल्या होत्या. प्रवासात ऐकायला म्हणून त्यांनी शंभरेक भावगीतं भरून घेतली. ग्वाल्हेर येईपर्यंत सगळी मुकी झाली, कारण मधल्या तारखेला वर्गणी संपली होती. त्या मला म्हणाल्या, “भाऊसाहेब, गाणी तर माझ्या फोनमध्येच होती ना?” मी म्हटलं, फोन तुमचा, गाणी त्यांची.

म्हणून ॲप काढून टाका असं मी सांगणार नाही. मीसुद्धा वापरतो. शंभर-सव्वाशे वर्षांचं संगीत खिशात घेऊन लोदी गार्डनमध्ये फिरता येतं, हे सुख आमच्या वडिलांच्या पिढीला नव्हतं. पूर्वी ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. मोठमोठ्या गवयांनी आपला ख्याल तेवढ्यात बसवला. मग लाँग प्ले आली, मग कॅसेट. कॅसेटचं श्रेय मी मोठं मानतो. दिल्लीच्या दर्यागंजमध्ये ज्यांचं फळांच्या रसाचं दुकान होतं त्या कुटुंबातल्या गुलशन कुमार यांनी टी-सिरीज काढून कॅसेट स्वस्त केली. पण कॅसेटचा खरा फायदा लहान भाषांना आणि लोकगायकांना झाला. आपल्याकडे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचा आवाज गावोगावच्या टपऱ्यांवर, एसटी स्टँडवर पोचला तो कॅसेटमुळे.

आताच्या यंत्राचा हिशेब वेगळा आहे. स्पॉटिफायवर गाणं निदान तीस सेकंद ऐकलं तर ते ‘ऐकलं’ असं धरतात. त्यामुळे गाण्यात सुरुवातीचा वाद्यमेळ आखूड होत चालला आहे. लोक पुढे पळायच्या आत मुखडा यायला हवा ना! आणि २०२४ पासून त्यांचा आणखी एक नियम आहे. वर्षभरात हजार वेळासुद्धा न वाजलेल्या गाण्याला मानधन नाही. हिंदी-पंजाबीला हजार म्हणजे एका सकाळचं काम. पण दिल्लीतल्या एखाद्या मराठी मुलीने कवितेला चाल लावून गाणं चढवलं, तर तिला हजार हा घाट चढावा लागतो. म्हणून माझी पहिली विनंती: ओळखीच्या कुणाचं मराठी गाणं आलं तर व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून थांबू नका. ते पूर्ण ऐका. दोनदा ऐका.

दुसरा मुद्दा नावांचा. आकाशवाणीवर निवेदक गाण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं सांगायचे. त्यामुळे शाळा न शिकलेल्या माणसालाही गाणं कुणी लिहिलं ते माहीत असे. ॲपवर मोठ्या अक्षरात गायकाचं नाव असतं, किंवा नुसतं चित्रपटाचं. कवी कुठे आहे ते शोधायला आत दोन दारं उघडावी लागतात आणि पुष्कळदा आतही कोणी नसतं. शिवाय नावं बहुतेक वेळा इंग्रजी स्पेलिंगमध्ये. आमच्याकडे बोलून चालणारा एक स्पीकर आहे, नाव घेत नाही. त्याला मी ‘ज्योत्स्ना भोळे’ म्हणतो. तो विनयाने एक हिंदी गाणं लावतो. तोफखान्याच्या आवाजात म्हटलं तरी तेच. एकदा नातीने माझा उच्चार बिघडवून, इंग्रजी धाटणीने सांगितलं, तेव्हा कुठे बाई सापडल्या. आता मराठी माणसाने मराठी नाव चुकीचं उच्चारायला शिकायचं का?

नावाला कायद्यातही किंमत आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत जोरात बाजू मांडली होती. त्यानंतर गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. पण वाटा द्यायचा कुणाला हे कळायला नाव नोंदलेलं लागतं. ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षांनी संपतो. शब्दांवरचा हक्क मात्र कवीच्या निधनानंतर साठ वर्षं राहतो. गदिमा डिसेंबर १९७७ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. १९५५ सालची तबकडी मुक्त झाली तरी तिच्यातले शब्द मुक्त झालेले नाहीत.

गदिमांचा विषय निघाला म्हणून सांगतो. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ ला सुरू झालं. दर आठवड्याला एक गीत, एकूण छप्पन्न. त्या मूळ कार्यक्रमात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशा कितीतरी जणांनी वेगवेगळ्या पात्रांची गाणी गायली होती. आज तुमच्या-माझ्या कानात त्यातलं बहुतेक बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडके यांच्याच आवाजात आहे, कारण बाजारात आली आणि घरोघर वाजली ती त्यांच्या आवाजातली मुद्रणं. जे विकायला ठेवलं गेलं ते उरतं, बाकीचं मागे पडतं. आणि आपल्या घरचे आवाज तर कुणीच विकायला ठेवणार नाही.

इथे माझं खरं म्हणणं येतं. मी उत्तरेकडे पोस्टिंगवर असताना पत्रं उशिरा यायची. आई सांगलीहून कधीमधी कॅसेट पाठवायची. एका बाजूला घरचं बोलणं, दुसऱ्या बाजूला तिच्या ओव्या. मागे कुकरच्या शिट्ट्या, मध्येच “अहो, हे चालू आहे का बघा” असं वडिलांना विचारणं. बंकरमध्ये आमचे सुभेदार साहेब सुद्धा ऐकायला बसायचे, त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता तरी. त्या ओव्या जगातल्या कुठल्याही ॲपवर नाहीत. आई आता नाही. त्या कॅसेटची फीत गेली की तो आवाज गेला, आणि कोणत्याही कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला फोन करून तो परत मिळणार नाही.

तुमच्याही माळ्यावर अशा कॅसेट असतील. मुंजीतली मंगलाष्टकं, आजोबांचं कीर्तन, गणेशोत्सवातलं नाटक. तर काय करायचं ते सांगतो, लिहून घ्या.

एक चालू कॅसेट प्लेअर मिळवा. कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते. प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर कॉम्प्युटरला जोडा. आवाज आत घ्यायची जागा कॉम्प्युटरला नसेल तर यूएसबीचा छोटा अडॅप्टर मिळतो. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते उतरवून घ्या. लाल बटण दाबा, कॅसेट चालू करा आणि चहा प्यायला जा. यात घाई चालत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात.

मूळ प्रत डब्ल्यूएव्ही या प्रकारात ठेवा. मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे एका कॅसेटला ६०० एमबी. रोज ऐकायला त्याचीच एमपी थ्री करा, ती बरीच लहान होते. चौसष्ट जीबीच्या पेन ड्राइव्हवर अशा मूळ प्रतींच्या शंभर कॅसेट मावतात. फाइलला नाव देताना साल, गाव, कुणाचा आवाज, काय आहे, हे सगळं लिहा. ‘ट्रॅक झिरो वन’ असं नाव देऊ नका. वीस वर्षांनी नातवाला ट्रॅक झिरो वन म्हणजे त्याची पणजी, हे कोण सांगणार? आवाज ओळखणारी माणसं घरात आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून हे काम करा.

आणि प्रती दोन, तीन असल्या तर उत्तम. सिग्नल्समध्ये आम्ही एका मार्गावर कधी विसंबलो नाही. वायरलेस असेल तर जोडीला लाइन, आणि दोन्ही गेलं तर मोटारसायकलवरचा डिस्पॅच रायडर. इथेही तसंच. एक प्रत घरी, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावा-बहिणीकडे, एक हवी तर क्लाउडवर. क्लाउड हे पुन्हा क्वार्टरच, पण तिसरी प्रत म्हणून चालेल.

माझ्या भावाकडे जुन्नरला एक पेन ड्राइव्ह आहे, इथे माझ्या कपाटात एक. त्यात आईच्या ओव्या आहेत आणि ज्यांच्यावाचून आम्हा दोघांना करमत नाही अशी, रीतसर विकत घेतलेली, तीनशे गाणी. बाकी लाखो गाणी खुशाल ॲपवर राहू देत.

येत्या रविवारी माळ्यावर चढा. गुडघे दुखत असतील तर मुलाला चढवा. काय सापडलं ते मला कळवा. 

जय हिंद.