निवृत्त विमाने आणि नोंदींची शिस्त

पुणे-सोलापूर महामार्गावरील कुरकुंभ येथे रासायनिक उद्योगांची मोठी वसाहत आहे. ज्या पिंपावर चिठ्ठी नाही ते पिंप धोक्याचे, ही गोष्ट तेथील कामगाराला वेगळी शिकवावी लागत नाही. आयुष्य संपलेल्या विमानांच्या व्यवस्थापनाचे सूत्रही हेच आहे.

विमान केवळ वर्षांनी वृद्ध होत नाही. प्रत्येक उड्डाणात आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा अधिक राखावा लागतो. उतरल्यावर हा फरक नाहीसा होतो. या आवर्तनांनी धातू थकतो, त्याला सूक्ष्म तडे जातात. तपासणी व दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झाला, की निवृत्ती अटळ ठरते.

ही निवृत्ती दोन प्रकारे होऊ शकते, आणि महाराष्ट्राने दोन्ही प्रकार पाहिले आहेत. एका खाजगी कंपनीचे बोइंग ७२० जातीचे विमान १९९१ मध्ये नागपूर विमानतळावर उतरले आणि तेथेच राहिले. धावपट्टीजवळून ते हलविण्यास २०१५ साल उजाडले. उलट, एअर इंडियाच्या शेवटच्या चार बोइंग ७४७ विमानांची विक्री रीतसर झाली. त्यांतील एकाने २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून अमेरिकेकडे अखेरचे उड्डाण केले. एका ठिकाणी जबाबदारी बेवारस राहिली; दुसऱ्या ठिकाणी ती रीतसर नव्या मालकाकडे गेली.

विमान मोडण्याच्या कामाला क्रम असतो. प्रथम इंधन, वंगण व हायड्रॉलिक तेल काढून घ्यावे लागते. अग्निशामक नळकांड्यांतील हॅलॉन वायू ओझोनच्या थराला घातक असल्याने तो हवेत सोडून चालत नाही. जुन्या रंगाच्या थरांतील क्रोमेटची धूळ कर्करोगाला कारण होऊ शकते. म्हणून कापणी करणाऱ्या कामगाराच्या श्वसनाचे रक्षण हा सोयीचा नव्हे, तर त्याच्या जीविताचा प्रश्न आहे.

त्यानंतर इंजिने, चाकांची यंत्रणा व उपकरणे उतरविली जातात. येथे कागदाला धातूइतकेच मोल येते. भाग किती तास वापरला, कोणी तपासला, याची नोंद नसेल तर तो कितीही चकचकीत असला तरी भंगारच मानावा. असा भाग चोरवाटेने दुसऱ्या विमानात बसला, तर शेकडो प्रवाशांचे प्राण पणाला लागतात.

एअरबस कंपनीने फ्रान्समध्ये केलेल्या प्रयोगात विमानाच्या वजनाचा सुमारे ८५ टक्के भाग पुन्हा उपयोगात आणता येतो, असे दिसून आले. मात्र बोइंग ७८७ सारख्या नव्या विमानांत वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बन तंतूंच्या संमिश्र द्रव्याचा असतो. ॲल्युमिनियमप्रमाणे तो वितळवून पुन्हा ओतता येत नाही.

या कार्यासाठी लागणारे कौशल्य महाराष्ट्रात विखुरलेले आहे. ओझरला विमानबांधणीचा, नागपूरच्या मिहानमध्ये विमानदुरुस्तीचा, तर कुरकुंभसारख्या वसाहतींत रसायनांच्या हाताळणीचा अनुभव आहे. त्यांची सांगड घालता येईल. परंतु आधी प्रत्येक विमानाच्या अखेरीचा खर्च आणि जबाबदारी त्याच्या खरेदीच्या वेळीच निश्चित झाली पाहिजे.