नवा प्रीॲम्प घेण्याआधी



तबकड्या ऐकणाऱ्यांची जी पत्रं माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांत एकच प्रश्न असतो. "टर्नटेबल घेतलं, गाणं वाजतं, पण मागे सतत 'हूंऽऽ' असा घुमारा चालू असतो. परवडेल असा चांगला फोनो प्रीॲम्प सांगा, म्हणजे तो जाईल." आकाशवाणीवरून कंपनीचं नाव मी घेणार नाही. डबा कसा निवडायचा ते सांगतो, पण आधी हा घुमारा येतो कुठून ते ऐका.

सुई खाचेतून फिरते तेव्हा साध्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट निघतात. ते वाढवणं हे प्रीॲम्पचं पहिलं काम. दुसरं काम तोल साधण्याचं. तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर वीस मिनिटांचं गाणं मावायचं नाही. किती दाबायचा, याचं प्रमाण अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं, आरआयएएनं, १९५४ साली ठरवलं. प्रीॲम्प तो दाबलेला खर्ज पुन्हा उचलतो. आता हिशेब करा. १००० हर्ट्झचा स्वर तो शंभरपट वाढवतो, तर ५० हर्ट्झचा जवळजवळ सातशेपट. आणि आपल्या घरातली वीज किती हर्ट्झची? ५०च! विजेचा अंशभर जरी त्या बारीक वायरींत शिरला, तरी तो सातशेपट होऊन स्पीकरमधून बाहेर पडणार. डबा स्वस्त असो की महाग, खर्ज उचलणं हे त्याचं कामच आहे.

म्हणून आधी टर्नटेबलच्या मागे बघा. दोन सिग्नल वायरींबरोबर बहुधा एक बारीक हिरवी किंवा काळी वायर असते, टोकाला चिमट्यासारखा पत्रा. ती प्रीॲम्पच्या 'ग्राउंड' लिहिलेल्या स्क्रूखाली घट्ट बसवा. कितीतरी घरांत ती नुसती लोंबकळत असते. एवढ्यानं गेलं नाही, तर प्रीॲम्प ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून आणि इन्व्हर्टरपासून हातभर लांब सरकवून पाहा.

आणि आता जे सांगतोय ते काम बाजूला ठेवून ऐका. घुमारा घालवण्यासाठी ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढू नका. ती वरची जाड, लांब पिन. कुणीतरी सांगतं, "ती पिन कापा, हम जातो." हो, कधी कधी जातो. पण ती पिन इतर दोघींपेक्षा लांब का केली, ठाऊक आहे? प्लग खोचताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं म्हणून. ॲम्प्लिफायरच्या आत एखाद्या वायरचं आवरण फाटलं आणि वीज पत्र्याच्या पेटीला लागली, तर ती अर्थिंगमधून जाऊन फ्यूज उडतो. पिन नसेल तर फ्यूज शाबूत राहतो आणि पेटीवर २३० व्होल्ट उभे राहतात. मघाशी जोडलेली हिरवी वायर आठवा. ती प्रीॲम्पमार्फत त्या पेटीलाच जोडलेली आहे, आणि तिचं दुसरं टोक टर्नटेबलच्या धातूच्या आर्मपाशी. म्हणजे सुई उचलायला जो हात लावेल, त्याच्या हातात २३० व्होल्ट. पावसाळ्यात, ओल आलेल्या फरशीवर, अनवाणी!

मागे एक गृहस्थ ॲम्प्लिफायर दुरुस्तीला घेऊन आले. पिन करवतीनं कापलेली. मी विचारलं तर म्हणाले, "पण आवाज किती स्वच्छ झाला, साहेब!" घरात सहा वर्षांची नात आहे, तीच आजोबांना रेकॉर्ड लावून देते, हेही त्यांनीच कौतुकानं सांगितलं. मी त्यांना फार बोललो. वयानं मोठे होते, तरी बोललो. आज तुम्हालाही बोलतो आहे, राग मानू नका: पिन काढू नका, काढली असेल तर आजच प्लग बदला. हिरवी वायर भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसू नका, नळालाही बांधू नका. घरात अर्थिंगच नसेल तर प्रीॲम्पचे पैसे आधी वायरमनला द्या आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. मुळात दोन पिनांचे, दुहेरी इन्सुलेशनचे ॲम्प्लिफायर असतात, त्यांची गोष्ट वेगळी.

आता खरेदी. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला ४० डेसिबलची वाढ आणि ४७ किलोओहमचं इनपुट पुरतं. मूव्हिंग कॉइल असेल तरच ६० डेसिबलचा घ्या. टर्नटेबलच्या मागे 'फोनो-लाइन' खटका असेल तर आत एक प्रीॲम्प आधीच आहे. बाहेरचा लावाल तेव्हा खटका 'फोनो'वर, नाहीतर आवाज फाटेल. जुन्या पेटीवजा प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं, त्याला हा डबा लावूच नका. थोडे जास्त पैसे द्यायचेच तर २० हर्ट्झखालचं कापणाऱ्या फिल्टरसाठी द्या. माळ्यावरच्या उन्हाळ्यात वाकलेल्या तबकड्यांनी स्पीकरचा पडदा जे हेलकावे खातो, ते थांबतात. आणि सुई झिजली असेल तर आधी सुई.

त्या गृहस्थांच्या घरी मी नंतर गेलो. प्लग नवा, पिन जागेवर, आणि घुमारा हजर. टीव्हीची ऑडिओ वायर त्यांच्या ॲम्प्लिफायरला होती, आणि टीव्हीला सेट-टॉप बॉक्समार्फत केबलवाल्याची वायर. दोन ठिकाणी जमिनीशी जोड, म्हणून विजेला वळसा, आणि त्या वळशातून घुमारा. केबलवाल्याची वायर उपसली आणि खोली शांत झाली. आता रेकॉर्ड लावायच्या आधी ती वायर काढणं हे नातीचं काम आहे.