मस्कतचा शेवटचा शुक्रवार

आम्ही दोघी जावा, रत्नागिरीकडच्या. ओमान देशात, मस्कत शहरात सहा वर्षं घरकाम केलं आणि आता कायमच्या गावी आलोय. तिकडे कशा गेलात, हे सगळ्या विचारतात. आज आम्ही सांगणार आहोत ते तिथून निघतानाचं.

आमची कामाची घरं वेगळी, पण एकाच गल्लीत. निघायचं ठरलं तेव्हा धाकटीचा दोन महिन्यांचा पगार अडकलेला आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात. मागायला जीभ रेटत नव्हती. ज्या घरचं मीठ खाल्लं तिथे पैशाचं कसं बोलायचं? पण आमच्याकडे एक वही होती. कुठल्या महिन्याचा पगार कुठल्या तारखेला मिळाला, सगळं लिहिलेलं. ती वही पुढे ठेवली आणि आवाज न चढवता सांगितलं, "हिशेब पुरा झाला की तिकीट काढू. नाही झाला तर भारतीय दूतावासात जाऊ." चार दिवसांत पैसे आले, पासपोर्टही आला. त्या रात्री आम्ही पोटभर जेवलो.

मग आला शेवटचा शुक्रवार. तिथे सुट्टी शुक्रवारी असते. सहा वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघीच, कुणाचं मूल कडेवर न घेता, मत्राहच्या बाजारात गेलो. बंदराला लागून जुना बाजार, गल्लीगल्लीत लोबानाचा वास. तिथे कच्छी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. 1970 पर्यंत त्या देशात रुपया चालायचा, आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा छापलेला! आम्ही थोडा लोबान घेतला, ओमानी हलवा घेतला आणि समुद्रासमोर बसून राहिलो. आपल्या दारातल्या अरबी समुद्रालाच जोडलेला. एवढी वर्षं तो गाडीच्या काचेतूनच बघितला होता.

निरोप मात्र जड गेला. थोरली ज्या आजींचं करायची, त्यांनी त्या दिवशी स्वतः उठून कहवा ओतला, खजूर पुढे केले. धाकटीने ज्या बाळाला चाळीस दिवसांचा असल्यापासून सांभाळलं, तो आता पाच वर्षांचा. बाहेर पडताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. ते ऐकून ऐकून त्याच्या तोंडी बसलेलं. दारात उभा राहून तोच म्हणाला, "येते!" मुलगा असून 'येते'. हसूही आलं आणि रडूही. आम्हीही 'येते' म्हटलं. परत येणार नाही हे ठाऊक असून म्हटलं.

घरी पोचलो तर आमचीच मुलं आधी दाराआड उभी राहिली. जवळ यायला त्यांना आठ-दहा दिवस लागले. दुसऱ्याचं मूल वाढवताना आपलं लांब गेलं, हे तेव्हा कळलं.

म्हणून बायांनो, तुमच्यातली कुणी बाहेर असेल, तर तिला हे कळवा. पगाराची वही ठेव. पासपोर्टची झेरॉक्स गावी असू दे. दूतावासाचा नंबर पाठ कर. हिशेब पुरा होईपर्यंत कोऱ्या कागदावर सही करू नकोस. आणि निघताना एक दिवस स्वतःसाठी काढ, माणसांचा निरोप घेऊन ये.

बरं तर, येतो आम्ही. नमस्कार.