वरच्या कोर्टात काय पाहतात?



दिवसभराचे ऊन उतरल्यावर माणसे दोन घटका वाऱ्याला बसायला येतात आणि त्यांच्यापुढे एक वकील उभा राहून अपिलाविषयी बोलू लागतो, यात थोडासा जुलूम आहे हे मी कबूल करतो. परंतु चालकांनी विषय विचारला तेव्हा मी हाच मुद्दाम सांगितला. वकिलीच्या इतक्या वर्षांत एक वाक्य मी अगणित वेळा ऐकले आहे : "खाली हरलो तर हरलो, वर पाहून घेऊ." या 'वर'मध्ये नेमके काय पाहतात, हे ठाऊक नसल्यामुळे बुडालेली घरे मी पाहिली आहेत.

एका घराची हकिगत सांगतो. गाव सांगत नाही, नावही सांगत नाही. वाद धुऱ्याचा होता. दोन शेतांमधली चार-पाच हात रुंदीची पट्टी. शेजारी म्हणे माझी. माझा अशील म्हणे आजोबांपासूनची आमची वहिवाट. त्या शेतात तीसेक वर्षे औत धरलेला एक म्हातारा सालदार हयात होता. धुऱ्यावरचे झाड न् झाड त्याला माहीत. पण खालच्या कोर्टात पुराव्याची तारीख लागली ती नेमकी गहू काढणीच्या दिवसांत. म्हाताऱ्याला आणले नाही, पुढची तारीखही मागितली नाही. दावा गेला, आणि मग अशील माझ्याकडे आला. जादा पुरावा घ्यावा असा अर्ज मी अपिलात दिला. तो नामंजूर झाला. तरीही सुनावणीच्या दिवशी पाहतो तो, धुतलेले धोतर नेसवून म्हाताऱ्याला एस.टी.ने घेऊन आलेला! "वकीलसाहेब, आता तरी याला विचारा जी," तो म्हणाला. म्हातारा दिवसभर व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिला. त्याच्या नावाचा पुकारा झाला नाही, होणारही नव्हता. मी अशिलाला नीट समजावले नव्हते, हा दोष माझाच.

अर्ज का नामंजूर झाला? दिवाणी व्यवहार संहितेत अपिलाच्या कोर्टाला नवा पुरावा घेण्याची मुभा आहे, पण ती फार अरुंद आहे. खालच्या कोर्टाने घ्यायला हवा असलेला पुरावा नाकारला असेल, किंवा पुरेशी खटपट करूनही तो त्या वेळी मिळणे शक्य नसेल, किंवा कोर्टालाच निकाल देण्यासाठी त्याची गरज वाटली, तरच. गहू काढणी यांपैकी कशातच बसत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती सर्वांत मोठी अडचण असेल. पण म्हातारा गावातच होता आणि एका अर्जाने पुढची तारीख मागता आली असती. प्रत्येक हरलेल्याने नवा साक्षीदार आणायचा म्हटले, तर कोणताच दावा कधी संपणार नाही.

तेव्हा अपील म्हणजे दावा पुन्हा मुळापासून चालवणे नव्हे. वरचा न्यायाधीश कागद वाचतो. कैफियत, जबान्या, सातबारा, मोजणीचा नकाशा, निकालपत्र, एवढेच त्याच्यापुढे येते. साक्षीदार कोणत्या प्रश्नाला अडखळला, उत्तर देताना कोणाकडे पाहत होता, हे खालच्या न्यायाधीशाने डोळ्यांनी पाहिलेले असते. वर फक्त शाई पोचते. म्हणून जो कागद खाली दाखल झाला नाही आणि जी गोष्ट साक्षीत बोलली गेली नाही, ती वरच्या कोर्टाच्या दृष्टीने बहुधा नसल्यासारखीच.

हिंगणीच्या माणसाची वाट कशी आहे पाहा. तालुक्याचे दिवाणी कोर्ट, मग वर्ध्याचे जिल्हा न्यायालय, मग नागपूर, आणि क्वचित दिल्ली. मध्य प्रांत १८६१ साली झाला तेव्हा नागपूरला हायकोर्ट नव्हते. ज्युडिशिअल कमिशनर असे. ९ जानेवारी १९३६ रोजी नागपूर हायकोर्ट सुरू झाले, आणि १९४० साली त्याची ती घुमटाची देखणी इमारत उघडली. त्याच्यावर लंडनची प्रिव्ही कौन्सिल. ती वाट १९४९ साली बंद झाली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, मध्य प्रदेशाचे हायकोर्ट जबलपूरला बसले, आणि नागपूरच्या त्याच इमारतीत मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ भरू लागले. न्यायमूर्ती विवियन बोस आणि महंमद हिदायतुल्ला हे दोघेही या नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते व दोघेही पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. हिदायतुल्ला तर १९६८ साली देशाचे सरन्यायाधीश झाले. अलीकडे नागपूरचे शरद बोबडे आणि अमरावतीचे भूषण गवई त्याच पदावर बसून गेले. आपल्या भागाने मोठे न्यायाधीश दिले याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. मात्र त्यामुळे आपला धुरा सरकत नाही.

या पायऱ्या सारख्या नाहीत, आणि गैरसमजाचे मूळ तेथेच आहे. पहिल्या अपिलात जिल्हा न्यायाधीश वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही तपासतो. मुद्दे काय, त्यांवर निर्णय काय आणि कारणे काय, हे त्याने लिहिलेच पाहिजे. दुसऱ्या अपिलात, म्हणजे नागपूरला, तसे नाही. १९७६ साली संहितेत दुरुस्ती झाली तेव्हापासून तेथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच दार उघडते. पट्टी कोणाच्या वहिवाटीची, हा सामान्यतः वस्तुस्थितीचा प्रश्न. दोन कोर्टांनी तो एकसारखा ठरवला की नागपूरला त्याची उकल पुन्हा होत नाही. 'नागपूरला पाहून घेऊ' म्हणणाऱ्याने आधी वर्ध्याला पाहिले पाहिजे. आणि वर्ध्याच्याही आधी तालुक्याला.

दुसरी गोष्ट थोडक्यात. अपील दाखल केले म्हणजे हुकूमनामा आपोआप थांबतो, अशी अनेकांची समजूत असते. तो थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, तिला कारण लागते, आणि ती मिळेपर्यंत समोरचा माणूस दरखास्त घेऊन ताबा मागू शकतो.

आता मला खरे अवघड वाटते ते सांगतो. कागद एकच, मग निकाल वेगवेगळे का? याचे उत्तर शोधताना मला आपल्याच विदर्भातला एक खटला आठवतो. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आणि आता गडचिरोलीत असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीला घरच्या तक्रारीच्या चौकशीसाठी बोलावले होते. मोलमजुरी करणारी, सोळाच्या आसपास वयाची. बाकीच्यांना बाहेर पाठवले, तिला आत ठेवून घेतले. नातेवाईक ठाण्याबाहेर उभे होते. आत तिच्यावर अत्याचार झाला, असा तिचा आरोप होता. तिचे नाव मी घेणार नाही. कायद्याच्या पुस्तकांनी ते पुष्कळ घेतले आहे.

१९७४ साली सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले. मुलीची संमती होती असे धरले. सरकारने अपील केले. नागपूर खंडपीठाने त्याच जबान्या वाचल्या आणि म्हटले की भीतीपोटी निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे. १९७६ साली दोघांना शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तेच कागद वाचले, अंगावर जखमेच्या खुणा नाहीत यावर भर दिला आणि दोघांना निर्दोष सोडले.

वरच्या दोन कोर्टांपैकी एकानेही त्या मुलीला बोलताना पाहिले नव्हते. सुटकेविरुद्धच्या अपिलात वरच्या कोर्टाला सारा पुरावा नव्याने तोलण्याचा पूर्ण अधिकार आहे, मात्र साक्षीदार ज्याने पाहिले त्याच्या मताला वजन द्यावे, असे प्रिव्ही कौन्सिलने १९३४ सालीच सांगितले होते. नियम शहाणपणाचा आहे. पण ज्याने पाहिले त्यानेच जर पूर्वग्रहाच्या चष्म्यातून पाहिले असेल, तर? तेव्हा फक्त कागद वाचणारा वरचा न्यायाधीश कधी कधी अधिक स्वच्छ पाहतो. नागपूरला तसे घडले, असे माझे मत आहे. आणि त्याच्याही वरचा न्यायाधीश चुकू शकतो, हेही त्याच खटल्याने दाखवले. तो शेवटचा असतो म्हणून त्याचा शब्द अखेरचा. बरोबर असतो म्हणून नव्हे.

त्या निकालानंतर वर जायला पायरी उरली नव्हती. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. देशभर निदर्शने झाली. निकाल बदलला नाही, कायदा बदलला. १९८३ सालच्या दुरुस्तीने असे ठरले की पोलिसांच्या ताब्यात असा प्रकार झाल्याचे सिद्ध झाले आणि स्त्रीने संमती नव्हती असे कोर्टात सांगितले, तर संमती नव्हती असेच कोर्टाने गृहीत धरावे. त्या मुलीला याचा काही उपयोग झाला नाही.

आणखी एक गोष्ट या खटल्याकडे पाहताना सुटते. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले तेव्हा स्वतः अपील करण्याचा हक्क तिला नव्हता. सरकारने अपील केले म्हणून प्रकरण नागपूरला पोचले. केले नसते तर १९७४ सालीच फाइल बंद. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला सुटकेविरुद्ध स्वतः अपील करता येईल ही तरतूद २००९ च्या अखेरीस अमलात आली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती कायम आहे. खेड्यापाड्यांत ती फारशी कोणाला ठाऊक नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगितली.

व्याख्यान सुरू होण्यापूर्वी एका गृहस्थांनी माझ्या हाती चिठ्ठी दिली आहे. नाव लिहिलेले नाही, ते बरेच झाले. तालुक्याच्या कोर्टाचा हुकूमनामा विरुद्ध होऊन दीड महिना झाला, आता वर्ध्याला अपील होते का, असे ते विचारतात. मुदत तीस दिवसांची. मात्र नकलेचा अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस त्यातून वजा होतात. तेव्हा नक्कल केव्हा मागितली आणि केव्हा तयार झाली, या दोन तारखा आधी पाहा. त्या धरूनही उशीर होत असेल, तर विलंब माफ करण्याचा अर्ज जोडता येतो, पण प्रत्येक दिवसाचे पटेल असे कारण लागेल. दवाखान्याचे कागद असतील तर तेही बरोबर घ्या. आणि नकलेचा अर्ज अजून दिलाच नसेल, तर कारणे शोधत बसू नका. उद्या कोर्ट उघडताच तो द्या.